एकशेविसावे पान

सावंतवाडीस जाणारा मनुष्य बहुधा आंबोलीचा पाऊस पाहावयास, तेथील लाकडी फळे व खेळणी घ्यावयास, अथवा गोव्याच्या वाटेवर रात्रीपुरता विसावा घ्यावयास जातो. आम्ही गेलो ते एका पानासाठी. हे पान झाडाचे नव्हे व ग्रंथाचेही नव्हे. दशावतारी गंजिफेच्या संचातील, तळहातावर सहज मावणारे, वाटोळे, रंगविलेले असे ते पान होते. आमच्या घरच्या संचात पाने ११९ होती, पाहिजेत १२०. ते एकशेविसावे पान मिळवावे म्हणून आम्ही गेलो, आणि शेवटी ते आम्हांस स्वतःच रंगवावे लागले. त्या आठ दिवसांत आम्ही जे शिकलो ते वाचकांस सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हा संच आमच्या घरी कसा आला ते सांगितले पाहिजे. आमच्या आजीचे माहेर बांद्याचे. लग्नात तिच्या रुखवतात फळाफुलांच्या लाकडी परड्यांबरोबर ही गंजिफेची रंगीत पेटीही आली होती. चातुर्मासात दुपारची जेवणे आटोपली, उष्टी-खरकटी निघाली, की आजी, आमच्या मातोश्री व आत्याबाई अशा तिघी माजघरात पांढरी चादर पसरून खेळावयास बसत. पाने वाटोळी असल्यामुळे ती हातात पंख्याप्रमाणे धरता येत नाहीत, एकावर एक सरकवून धरावी लागतात. आत्याबाई ती अशा झपाट्याने लावीत की आम्ही मुले खेळ सोडून त्यांच्या बोटांकडेच पाहत बसत असू.

खेळाची रीत थोडक्यात अशी. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान व एकापासून दहापर्यंत दहा पाने, म्हणून एकूण १२०. निम्म्या रंगांत दहाचे पान वरचढ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ. ह्या उलटापालटीमुळेच खेळणाऱ्याच्या स्मरणशक्तीची खरी कसोटी लागते. दिवसा खेळावयाचे असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने डाव सुरू करावयाचा. दिवे लागल्यावर तोच मान कृष्णाच्या राजाकडे जातो. वाचकांनी हा नियम ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

आमच्या संचातून नाहीसे झालेले पान म्हणजे हाच रामाचा राजा. ते नाहीसे झाले सुमारे पंचावन्न वर्षांपूर्वी, आणि ते आम्हीच नाहीसे केले. पुराणिकबुवांकडून गुहकाची कथा नुकतीच ऐकलेली. श्रावणात घरामागचा ओढा भरून वाहत होता. आम्ही पेटीतून रामसीतेचे पान हळूच काढले, कागदाच्या नावेत बसविले आणि गंगापार करण्याकरिता ओढ्यात सोडले. नाव दहा हातांवर कलंडली, आणि राम वाहून गेले. सायंकाळी शोधाशोध झाली तेव्हा आमचे धाकटे चुलत बंधु पेटीपाशी सापडले. ते तेव्हा सात वर्षांचे होते. त्यांना मार बसला आणि रात्री उपाशी निजावे लागले. आम्ही पाटावर बसून जेवलो आणि बोललो नाही. राजाविना रामाची पाने हाती घ्यावयाची नाहीत असे आजीने ठरविले, व पेटी माळ्यावर गेली.

गेल्या वैशाखात घराला रंग देण्याचे निघाले, तेव्हा सूनबाईंना ती पेटी सापडली. आत्याबाई आता नव्वदीच्या घरात आहेत. दृष्टि मंद झाली आहे. पेटीचा वास येताच त्यांनी हात पुढे केला, पाने चाचपली आणि म्हणाल्या, "एकदा डाव मांडा रे." आमचे चुलत बंधु निवृत्तीनंतर परत येऊन घराच्या मागल्या खणात राहतात, तेही तेथे बसले होते. आम्ही उठून बाहेर गेलो. दुसऱ्याच आठवड्यात पेटी पिशवीत घालून आम्ही कोल्हापूरहून आजऱ्याच्या वाटेने सावंतवाडीची एस्. टी. धरली.

आंबोलीपर्यंतचा रस्ता घाटमाथ्याचा. हिरण्यकेशी येथेच उगम पावून पूर्वेकडे जाते. तेथून गाडी घाट उतरू लागली की तासाभरात हवा, झाडे व भाषा अशी तिन्ही पालटतात. घाटावरची कोरडी झुळूक जाऊन अंगाला दमट ऊब लागते. जांभ्या दगडाची तांबडी घरे, माड, पोफळी व फणस दिसू लागतात. आणि शेजारचा उतारू 'कुठे' ऐवजी 'खंय' म्हणू लागतो. हल्ली कोकण रेल्वेनेही जाता येते. ती १९९८ साली संपूर्ण मार्गावर सुरू झाली. परंतु स्थानक गावापासून दूर आहे, आणि घाट उतरून जाण्यात जो आनंद आहे तो त्यात नाही.

गावाचे जुने नाव सुंदरवाडी. मध्यभागी मोती तलाव, त्याच्या काठी सावंत-भोंसल्यांचा राजवाडा व पाठीमागे नरेंद्र डोंगर. सकाळी तलावावर धुके असते आणि पलीकडचा राजवाडा अर्धा पुसलेल्या चित्रासारखा दिसतो. जवळच चितारआळी आहे. लाकडी खेळणी, लाखेचे पाट, फळांच्या परड्या व गंजिफा ही येथल्या चिताऱ्यांची कुलविद्या.

गंजिफेचा खेळ मोगलांनी इकडे रूढ केला असे मानतात. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने ऐने-अकबरीत १२ रंगांच्या १४४ पानांचे वर्णन केले आहे. पुढे ८ रंगांचा ९६ पानांचा मोगली संच रूढ झाला. त्यात हिंदुस्थानी कारागिरांनी दशावतार आणले, नवग्रह आणले, आणि परक्या खेळास आपले कुलदैवत करून सोडले. सावंतवाडीस ह्या कलेला आश्रय मिळाला तो विशेषेकरून तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकीर्दीत (१७५५ ते १८०३). छापील विलायती पत्ते स्वस्त मिळू लागल्यावर ती मागे पडली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास जाणते हात बोटांवर मोजण्याइतकेच उरले. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी ह्यांनी जुन्या चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून राजवाड्यात कारागीर बसविले. संस्थान १९४८ सालीच विलीन झाले होते. तरी राजवाड्याच्या दिवाणखान्यात कुंचले चालू राहिले. राजेसाहेब १९९५ साली व राणीसाहेब २०१८ साली निवर्तल्या. विद्या मात्र जिवंत राहिली.

चितारआळीत आम्हांस एका चितारीणबाईंचे घर दाखविण्यात आले. वयाने त्या आमच्या धाकट्या कन्येएवढ्या. आमची पेटी उघडून त्यांनी रामाची अकरा पाने ओळीने मांडली, उलटी करून पाठी पाहिल्या, एकदा नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "पान मी करून दितंय, गुरुजी, पण राजा कोण काढतलो?" हाती घेतलेले काम सोडून एका पानासाठी त्यांना बसणे शक्य नव्हते, महिनाभर थांबावे, असे त्या म्हणाल्या. आम्ही तत्काळ उत्तर दिले की राजा आम्हीच काढू. फळ्यावर खडूने हिंदुस्थानचा नकाशा न पाहता काढण्याबद्दल आमची शाळेत ख्याति होती. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक पाट पुढे सरकविला.

पान तयार होते ते असे. कापडावर अथवा कागदावर चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवून पुठ्ठा करावयाचा. त्यावर खळीतच कालविलेल्या खडूचा पांढरा हात द्यावयाचा. वाळल्यावर गुळगुळीत दगडाने तो घोटून घोटून हस्तिदंतासारखा करावयाचा. मग वाटोळे कापून पाठीस एकरंगी लेप द्यावयाचा. ह्यानंतर चित्र, आणि सर्वांच्या शेवटी लाखेचा चकचकीत लेप. आमचा संच दरबारी पद्धतीचा, म्हणजे काठास नक्षीची पट्टी असलेला. बिनकाठाची साधी पाने ती बाजारी. मधल्या वाटोळ्या जागेत सिंहासनावर राम व सीता बसावयाची. मूर्ति उणीपुरी दोन बोटे उंच, डोळा मोहरीएवढा.

आम्ही पहिल्याच दिवशी मुखापासून आरंभ केला. मुख हेच मूर्तीचे सर्वस्व, असा आमचा तर्क. डोळे काढले; बरे साधले असे वाटले. मग भोवती मुकुट, कुंडले, शेला असे रंग भरू लागलो, तो प्रत्येक वेळी कुंचला डोळ्यांजवळ जाई आणि छाती धडधडे. अखेर मुकुटाचा पिवळा रंग ओघळून उजव्या डोळ्यात गेला. बाई शेजारच्या कामावरून मान वर न करता म्हणाल्या, "डोळे शेवटाक, गुरुजी. डोळे उघडले काय देव तुमच्याकडे बघूक लागतलो. मगे तुमचो हात थरथरतलो." आम्ही चाळीस वर्षे मुलांना नेत्रोन्मीलन ह्या शब्दाचा विग्रह करून दाखविला, घडविलेल्या मूर्तीचे डोळे विधिपूर्वक अखेरीस उघडतात हे सांगितले. ते अखेरीस का उघडावयाचे ह्याचे व्यवहारातले कारण आम्हांस त्या पाटावर बसून कळले.

दुसऱ्या दिवशी दुसरे पान घेतले. आता क्रम बरोबर धरला: आधी सपाट भूमि, मग सिंहासन, मग अंगाचे रंग, मग वस्त्रे, मग दागिने. परंतु रंग आम्ही दाट घेतला, एका हातातच काम उरकावे म्हणून. तो वाळता वाळेना, आणि वरून दिलेल्या रेघा त्यात बुडून गेल्या. बाईंनी करवंटीतला रंग ताकासारखा पातळ करून दिला. पहिला हात दिल्यावर खालचे पांढरे दिसतच राहते, आणि नवशिक्यास वाटते की काम फसले. दुसरा हात पहिला पुरता वाळल्यावरच, मग तिसरा. तीन पातळ हातांनी जो सखोल निळा वर्ण रामाच्या अंगास आला, तो एका दाट हाताने कधीही आला नसता. वाळेपर्यंत काय करावयाचे, असे आम्ही विचारले. बाई म्हणाल्या, तलावावर जाऊन या.

तिसऱ्या दिवशी रेषेचा प्रश्न आला. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्रात म्हटले आहे की आचार्य प्रशंसा करतात ती रेषेची. रंगाच्या समृद्धीवर इतर जन संतुष्ट होतात. वचन आम्हांस मुखोद्गत होते. हातास मात्र ते ठाऊक नव्हते. काठाची वर्तुळे काढताना आमचा हात वळणावर अडखळे, व रेघ तेथे फुगे. बाईंनी आमची करंगळी पाटावर टेकविली, मनगट स्थिर केले आणि म्हटले, "हात फिरवू नकात, पान फिरवा." डाव्या हाताने पान सावकाश फिरवीत राहावे, कुंचला जागच्या जागी असावा, श्वास रेघ संपल्यावर सोडावा. इतकी साधी युक्ति! जन्मभर आम्ही हातच फिरवीत आलो.

मोत्यांच्या सरांतही असेच झाले. कुंचल्याच्या टोकावर पांढऱ्या रंगाचा थेंब घेऊन तो नुसता टेकवावा व उचलावा, ओढू नये. टेकविला की मोती होतो, ओढला की अळी होते. तसेच, जितके जवळून दिसते तितके सर्व काढू नये. रामाच्या हातास आम्ही पाच बोटे मोठ्या कष्टाने काढली. बाईंनी पान हातभर दूर धरले. बोटे दिसेनात, हाताच्या जागी केवळ डाग दिसला. जुन्या पानांत पाहावे तो तळव्याचा एक आकार व अंगठ्याची एक रेघ, एवढ्यात हात पुरा झालेला. खेळणाऱ्यास पान क्षणात ओळखता आले पाहिजे. चिताऱ्याने सर्व काही जाणावे व त्यातले थोडेच सांगावे.

चौथ्या दिवशी मात्र जे शिकलो ते सर्वांत कठीण होते. तिसऱ्या पानावर सीतेच्या हनुवटीखाली केसाएवढी लाल रेघ चुकून उमटली. आम्ही ओल्या कुंचल्याने ती पुसली. तांबूस डाग पडला. त्यावर अंगाचा रंग दिला. तो भोवतीपेक्षा निराळा दिसू लागला. तो जुळवावा म्हणून साऱ्या मुखावर पुन्हा हात दिला. तोच खालचा खडूचा थर भिजून सुटला आणि मुखाचा पापुद्रा कुंचल्याबरोबर उचलून आला. बाईंनी पान आमच्या हातून घेतले व म्हणाल्या, "चूक ल्हान आसा, ती तशीच रवांदे. पुसूक गेलात तर मोठी होतली." रेघ ज्या क्षणी उमटली, त्या क्षणी ती केसाएवढी होती. आम्ही बराच वेळ त्या पापुद्र्याकडे पाहत बसलो. पंचावन्न वर्षांपूर्वी त्या सायंकाळी "पान मी नेले" एवढे तीन शब्द पुरले असते. पुढे प्रत्येक वर्षी त्यावर एक एक हात चढत गेला. बंधूंच्या मुंजीस आम्ही सर्वांहून जड आहेर केला, त्यांच्या मुलांना फुकट शिकविले; घरात आमच्या औदार्याची वाखाणणीही झाली. थर फार झाले होते, आणि खालचा डाग एकाही थराने झाकला नव्हता.

चौथे पान साधले. साधले म्हणजे निर्दोष झाले असे नाही. सिंहासनाचा एक खांब किंचित तिरपा आहे, आणि लक्ष्मणास उभे राहण्यास जागा अपुरी पडली आहे. आम्ही त्यास हात लावला नाही. आठव्या दिवशी सकाळच्या उजेडात, चहा न घेता, डोळे काढले: चार पांढरे ठिपके, त्यांत चार काळे. काम तीन मिनिटांचे. राम आमच्याकडे पाहू लागले.

लाखेचा लेप झाल्यावर पान इतर अकरांत ठेवले, तेव्हा ते डोळ्यांत खुपू लागले. जुन्यांची लाख पिवळसर झाली होती, कडा झिजल्या होत्या. हे मात्र नव्या नवरदेवासारखे झगझगीत. आम्ही बाईंना विचारले की चहाच्या पाण्याने अथवा धुराने ह्यास थोडे जुने करता येईल काय. खरे सांगावयाचे तर पान पेटीतच कोठे चिकटून राहिले होते असे घरी सांगता यावे, हा मोह अजून सुटला नव्हता. बाई म्हणाल्या, "जुनां दिसूक वर्सां लागतत, गुरुजी. तां काय रंगान होणां नाय." त्यांनी पुठ्ठ्याचे व लाखेचे पैसे घेतले, शिकविण्याचे घेतले नाहीत. आम्ही निघताना त्यांना नमस्कार केला. त्या संकोचल्या, परंतु गुरूस वय नसते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी माजघरात चादर पसरली. आत्याबाई भिंतीस टेकून बसल्या. आम्ही पान आत्याबाईंच्या हाती देण्यापूर्वी बंधूंपुढे ठेविले आणि ओढा, नाव, गुहक हे सर्व सांगितले. माजघरात सूनबाई, नातवंडे अशी दहा-बारा माणसे होती. आम्हांस वाटले होते की चारचौघांत बोलणे जड जाईल. ते तीन मिनिटांत संपले. बंधूंनी पान हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिले. मग म्हणाले, "दादा, मार मी केव्हाच विसरलो. पण त्या रात्री पुरणपोळी होती, ती अजून आठवते." सूनबाई हसल्या, मुले हसली, बंधु मात्र हसले नाहीत, व आम्हीही नाही. रात्री स्वयंपाकघरात पुरण शिजले.

आत्याबाईंनी पान घेतले व पुढून न पाहता पाठ चाचपली. "ही पाठ नवी आहे," त्या म्हणाल्या. "उलटे असले तरी कोणाच्या हाती राम आहे ते बसल्या जागी कळेल. खेळ कसला व्हायचा?" त्यांचे म्हणणे यथार्थ होते. ज्याची पाठ ओळखता येते असे पान खेळात चालत नाही; आठ दिवसांच्या तपश्चर्येत हे ना आमच्या ध्यानी आले, ना बाईंनी सांगितले. आम्ही निरुत्तर झालो. तेव्हा बंधु म्हणाले, "आत्याबाई, दिवसा खेळू. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याला डावाच्या आरंभी सांगावेच लागते. मग पाठ नवी असली म्हणून काय बिघडले?"

त्या दुपारी पहिल्या वाटणीत चाळीस चाळीस पाने आली, आणि राम बंधूंकडे गेले. तेव्हापासून आमच्या घरी गंजिफा दिवे लागण्यापूर्वी पेटीत जाते.